मंद आचेवरचा बटाट्याचा शोरबा

रमजान आता थंडीच्या दिवसांत येऊ लागला आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. 2018 मध्ये तो भर मे महिन्यात सुरू झाला होता. 2026 चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धातला. आणि 2030 मध्ये तर तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात. कलिंगड, सरबत आणि बर्फाच्या लाद्या यांची सवय झालेल्या आपल्या दस्तरखानाला पुढची काही वर्षे गरम काहीतरी हवेसे वाटणार आहे.

गरम शोरब्याने रोजा सोडणे ही जगभरातल्या मुसलमानांची जुनी रीत आहे. तुर्कस्तानात मसूरडाळीचे चोरबा, मोरोक्कोत हरिरा, अल्जेरियात तिथला शोरबा. आपल्या शेजारी तामिळनाडूत मशिदीमशिदींतून मोठ्या देगेत शिजणारी नोंबू कांजी. 'शोरबा' हा शब्द फारसीतला. 'शोर' म्हणजे खारट आणि 'बा' म्हणजे पातळ कालवण. हाच शब्द बाल्कन देशांत 'चोरबा' आणि रुमानियात 'चोर्बा' होऊन बसला आहे. आपल्याकडे मात्र इफ्तार म्हटले की कढई आधी चढते. भजी, समोसे, कटलेट. मगरिबच्या आधीचा अर्धा तास, जो दुआसाठी सर्वांत मोलाचा म्हणून आपण मुलांना सांगतो, तो घरातल्या बाईचा तेलाच्या धुरात जातो. याबद्दल आम्ही मागेही लिहिले आहे आणि पुन्हा लिहू, कारण परिस्थिती बदललेली नाही.

या महिन्यात मात्र तक्रार बाजूला ठेवून एका पदार्थाबद्दल लिहितो आहोत. पदार्थ परदेशी आहे: बटाट्याचे दाट, मलईदार सूप. आणि ते ज्या भांड्यात शिजते तेही परदेशीच, विजेवर चालणारा स्लो कुकर. इंग्लंड, अमेरिका, आखात इथे राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांत हे भांडे रोजच्या वापरात आहे. लंडनला डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधी मावळतो. उद्या रमजान तिथे डिसेंबरात येईल तेव्हा कामावरून घरी पोहोचायच्या आत इफ्तारची वेळ झालेली असेल. सकाळी कुकर लावून बाहेर पडायचे आणि परत येऊन झाकण उघडायचे, एवढाच मार्ग तिथे उरतो. सुट्टीवर येताना कोणी ना कोणी हे भांडे इकडे आणते, चार दिवस त्याचे कौतुक होते आणि मग ते माळ्यावर जाते. आमच्या नात्यातच अशी तीन भांडी माळ्यावर आहेत. हा लेख त्या भांड्यांसाठीही आहे.

बटाटा कुठून आला

आमच्या वर्गातली मुले उर्दूच्या तासाला 'आलू' म्हणतात आणि मराठीच्या तासाला 'बटाटा'. घरी दोन्ही. 'आलू' हा संस्कृत 'आलुक'वरून आलेला, म्हणजे मुळात दुसऱ्याच कंदांचे नाव. 'बटाटा' पोर्तुगीजांनी आणला, आणि त्यांच्याकडे तो शब्द कॅरिबियन बेटांवरून आला होता, तिथे तो रताळ्याला वापरत. नाव रताळ्याचे आणि कंद दक्षिण अमेरिकेच्या पेरूकडच्या डोंगरातला, अशी ही सरमिसळ आहे. युरोपात बटाटा पोहोचला तरी फ्रान्समध्ये लोक त्याला जनावरांचे खाद्य समजत. परमाँतिए नावाचा एक औषधशास्त्रज्ञ अठराव्या शतकातल्या युद्धात प्रशियाच्या कैदेत होता. तिथे त्याला बटाटेच खायला मिळत. सुटून आल्यावर त्याने उरलेले आयुष्य बटाट्याच्या प्रचाराला वाहिले. आजही फ्रान्समध्ये बटाटा आणि लीक, म्हणजे पातीच्या कांद्याची थोराड बहीण, यांच्या सुपाला त्याचेच नाव आहे. पुढे 1917 च्या सुमारास लुई दिया या फ्रेंच आचाऱ्याने न्यूयॉर्कच्या एका बड्या हॉटेलात हेच सूप मलई घालून थंडगार वाढायला सुरुवात केली. लहानपणी घरच्या सुपात थंड दूध ओतून तो आणि त्याचा भाऊ ते पीत, त्याची ती आठवण होती. अमेरिकेतल्या मलईदार सुपाच्या घराण्यात या हॉटेलातल्या सुपाची गणना होते.

पण बटाट्याचे सूप हे मुळात गरिबाचे अन्न. आयर्लंडमध्ये लाखो माणसे जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होती. 1845 मध्ये त्या पिकावर करपा पडला. मंचर-खेडकडच्या शेतकऱ्याला करपा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एका ओलसर आठवड्यात हिरवे शेत काळे पडते. तिथे तो पुन:पुन्हा आला. 1852 पर्यंत सुमारे 10 लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्या काळात, 1847 मध्ये, उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी आयर्लंडच्या उपाशी लोकांसाठी 1,000 पौंड पाठवले. शाळेच्या इतिहासात हे सापडत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

भांड्याची गोष्ट

स्लो कुकरची जन्मकथा आम्हाला फार आवडते. अर्विंग नॅक्सन हा शिकागोचा एक यहुदी अभियंता. त्याची आई लिथुआनियातून आलेली. यहुदी लोक शनिवारी चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी कडधान्य, सातू, बटाटा आणि मांस एका हंडीत भरून ती गावातल्या बेकरीच्या भट्टीत ठेवायची पद्धत होती. भट्टी विझत आलेली असे, पण तिची धग रात्रभर टिके. दुसऱ्या दिवशी हंडी घरी यायची, अन्न गरम आणि शिजून एकजीव झालेले. या पदार्थाला चोलंट म्हणतात. आईकडून हे ऐकलेल्या नॅक्सनने विचार केला, की भट्टीची धग विजेच्या तारेने हंडीभोवती गुंडाळता येईल का. 1936 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि 1940 मध्ये ते त्याला मिळाले. बरीच वर्षे हे भांडे घेवडा शिजवायचे यंत्र म्हणून विकले जात होते. 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडे नवे रूप देऊन 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या तो हा काळ. भांडे घरोघर गेले.

बेकरीच्या भट्टीत आपले अन्न पाठवणे आपल्याला नवे नाही. ईदच्या आधी नानखटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीपुढे रांग लावलेली पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आमच्यापैकी बरेच जण त्या रांगेत उभेही राहिले आहेत. रात्रभर निखाऱ्यावर ठेवलेली निहारी, पाये, मुहर्रमचा खिचडा ही सगळी मंद आचेचीच अपत्ये. आणि महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत इकमिक कुकर होता तो विसरायला नको. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 मध्ये तो तयार केला. खाली कोळशाची शेगडी, वर डब्यांची चळत. सकाळी लावायचा आणि कामाला निघून जायचे. एकट्याने राहणाऱ्या नोकरदारांचा तो सोबती होता. प्रेशर कुकर आला, शिट्ट्या आल्या आणि तो अडगळीत गेला.

आता भांडे चालते कसे ते पाहू, कारण हे कळले की अर्ध्या चुका टळतात. बाहेर धातूचे कवच, आत चिनी मातीचे जाड भांडे, वर काचेचे झाकण. तारा बहुधा बाजूंनी गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे आच खालून कमी आणि कडेने जास्त लागते. 'लो' आणि 'हाय' या दोन खुणा असतात. पुष्कळांना वाटते की 'लो'वर अन्न कमी तापते. तसे नाही. बहुतेक कुकरांत दोन्ही खुणांवर अन्न शेवटी जवळपास एकाच जागी, म्हणजे उकळीच्या किंचित खाली, पोहोचते. 'लो'वर त्याला दुप्पट वेळ लागतो, एवढाच फरक. 'वॉर्म' ही तिसरी खूण शिजलेले अन्न गरम ठेवण्यासाठी. तिच्यावर कच्चे काही शिजवू नये. झाकण घट्ट नसले तरी वाफेचे पाणी त्याच्या कडेला साचून सील धरते, म्हणून पाणी आटत नाही. आपण हंडीत घालतो त्यापेक्षा पाणी कमी घालायचे. आणि झाकण उघडून डोकावायचे नाही! एकदा उघडले की गेलेली धग परत यायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. घरात लहान मुले आणि मोठ्या जाऊबाई असतील तर झाकणावर चिठ्ठी चिकटवावी.

बटाटे निवडताना

बटाटा बटाट्यात फरक असतो हे भाजीवाल्यापेक्षा आपल्या आयांना जास्त कळते. पातळ सालीचा, ओलसर, नवा बटाटा शिजला तरी फोड धरून राहतो. रश्श्याला तो बरा. सुपाला जुना, कोरडा, पिठूळ बटाटा हवा, जो शिजल्यावर आपोआप फुटतो आणि त्याचा स्टार्च पाण्यात उतरून सूप दाटते. शीतगृहातून नुकताच काढलेला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो आठवडाभर घरात उघड्या, काळोख्या जागी ठेवला की गोडी बरीच उतरते. हिरवट पडलेला किंवा बराच मोडावलेला बटाटा टाकून द्यावा. त्यात सोलॅनिन नावाचे विष वाढलेले असते आणि ते शिजवून जात नाही.

सहा माणसांसाठी साडेतीन-चार लिटरचा कुकर पुरतो. सोललेले बटाटे एक किलो. कांदे दोन मध्यम, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, एक गाजर, कोथिंबिरीचे मूठभर देठ दोऱ्याने बांधून. लोणी दोन चमचे. यखनी किंवा साधे पाणी एक लिटर. एक तमालपत्र, अख्खी काळी मिरी आठ-दहा दाणे, मीठ दीड छोटा चमचा. हे सगळे सकाळचे. संध्याकाळसाठी सायीसकट दूध दीड कप, ताजी साय किंवा क्रीम अर्धा कप, मैदा दोन मोठे चमचे. जायफळ असेल तर चिमूटभर. आपल्याकडे जायफळ खिरीपुरते राहिले आहे. बटाट्याशी त्याचे फार जमते.

लोण्यावर कांदा आणि लसूण आधी वेगळ्या कढईत परतून घ्या. गुलाबी झाला की पुरे. पुष्कळ पाककृतींत लिहिलेले असते की सगळे एकदम कुकरात टाका आणि विसरून जा. तसे करून पाहावे आणि मग आमचे ऐकावे. कुकरात पाणी असते तोवर अन्न उकळीच्या वर जातच नाही, आणि कांदा खरपूस व्हायला त्याहून पुष्कळ जास्त आच लागते. कच्चा टाकलेला कांदा आठ तासांनी शिजलेला असतो, पण परतल्याची चव त्याला येत नाही, आणि लसूण तर उग्रच राहतो. पाच मिनिटांचे काम आहे. सहरीनंतर फजरच्या आधी-नंतर कधीही होते.

बटाट्याच्या फोडी दोन सेंटिमीटरच्या, शक्यतो सारख्या. त्या तळाला आणि कडेने बसवा, कारण आच कडेला असते आणि कंद शिजायला मांसापेक्षाही जास्त वेळ घेतात. वर कांदा, गाजर, मसाला. मग यखनी गरम करून ओता. फोडी पुऱ्या बुडल्या पाहिजेत. ज्या वर उघड्या राहतील त्या हवेने काळपट पडतील. भांडे अर्ध्याहून जास्त आणि दोन-तृतीयांशाहून थोडेसेच वर भरलेले असावे. 'लो'वर सात ते आठ तास, 'हाय'वर चार.

टोमॅटो, लिंबू, चिंच, आमसूल यातले काहीही या वेळी घालू नका. आंबटाने बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही आणि फोड तासन् तास शिजूनही आत कडक राहते. 'कुकर खराब आहे' म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या मते टोमॅटोच्या असतात.

संध्याकाळी असर झाली की झाकण उघडा. तमालपत्र आणि देठांची जुडी काढून टाका. आता पावभाजीच्या मॅशरने किंवा लाकडी रवीने बटाटा घोटा. अर्धा बारीक, अर्ध्याच्या छोट्या फोडी राहू द्या. मिक्सरचा मोह टाळावा. वेगाने फिरणारे पाते बटाट्यातला स्टार्च इतका मोकळा करते की सुपाची पतंगाच्या खळीसारखी चिकट लेई होते. शिवाय उकळते सूप बंद भांड्यात फिरवले की वाफेने झाकण उडते आणि हात भाजतो. हलीम घोटणाऱ्या घरांना रवी कशी चालवायची हे शिकवायला नको.

दूध सकाळीच घालायचे नाही. आठ तासांत ते फाटते, सूप रवाळ होते. मैदा थोड्या गार दुधात गुठळ्या न होऊ देता कालवा, उरलेले दूध कोमट करून त्यात मिसळा आणि हे मिश्रण सुपात सोडा. मैद्यामुळे दूध फाटायचे भयही कमी होते. 'हाय' करून झाकण लावा. अर्ध्या तासात सूप दाटते. साय अगदी शेवटी, कुकर बंद करण्याआधी. मीठ आता चाखणार कोण, हा रमजानमधला नेहमीचा प्रश्न. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकण्याबद्दल आपापल्या आलिमांना विचारावे. आम्ही सकाळी मोजून घालतो आणि मिठाची वाटी दस्तरखानावर ठेवतो.

वरून काय

पाश्चात्त्य घरांत या सुपावर डुकराच्या मांसाच्या कुरकुरीत तळलेल्या पट्ट्यांचा चुरा, किसलेले चीज आणि पातीचा कांदा घालतात. परदेशातल्या आपल्या वाचकांना आणि तिथे शिकायला गेलेल्या मुलामुलींना इथे दोन शब्द सांगायला हवेत. हॉटेलात किंवा वसतिगृहाच्या भोजनालयात 'पोटॅटो सूप' म्हणजे शाकाहारीच, असे धरून चालू नये. पट्ट्यांचा चुरा वरून दिसतो, पण पुष्कळदा कांदा त्याच चरबीत परतलेला असतो आणि तो दिसत नाही. पाण्याऐवजी कोंबडीची यखनी असते. घरी करतानाही यखनीच्या वड्या आणि डब्यातली तयार क्रीम सुपे वाचून घ्यावीत. तिथल्या कोंबडीच्या वडीतली कोंबडी हलाल असेलच असे नाही. काही जातींच्या चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट असते. शाकाहारी खूण असलेले घेतले की हा प्रश्न मिटतो.

आणि त्या पट्ट्यांवाचून काही अडत नाही. बिर्याणीसाठी तळतो तो कुरकुरीत कांदा, बिरिस्ता, हा त्याहून कितीतरी सरस आहे. सुका परतलेला खिमा, त्यात भरपूर मिरी, तोही छान. शाकाहारी पाहुणे असतील तर लसूण आणि जिरे तुपात तडतडवून वरून ओता. मग त्याला सूप म्हणायचे की शोरबा हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे सूप आमच्या घरात टिकले ते चवीपेक्षा अम्मींमुळे. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. आजारपणात वजन उतरले, कवळी सैल झाली. इफ्तारला त्या दस्तरखानावर येईनाशा झाल्या. खजूर आणि पाणी घेऊन आपल्या खोलीत बसायच्या. विचारले तर भूक नाही म्हणायच्या. भूक होती. सगळ्यांच्या देखत भज्याचा तुकडा बराच वेळ तोंडात घोळवत बसायची त्यांना लाज वाटत होती, हे कळायला आम्हाला एक रमजान लागला. मऊ खिचडी त्यांना वेगळी वाढली तर ती त्यांना आजाऱ्याचे जेवण वाटे. एका संध्याकाळी सुपाचे भांडे मधोमध आले आणि सगळ्यांच्याच हातात वाट्या गेल्या, मुलांच्या, पाहुण्यांच्या, अम्मींच्याही. वेगळे असे काही नव्हते. त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि "मिरी कमी आहे" म्हणाल्या. घरात वडीलधारी माणसे असतील तर कोण काय खाते यापेक्षा कोण कुठे बसून खाते याकडेही जरा पाहावे.

प्रकृतीच्या बाबतीत मात्र बटाटा सरसकट सर्वांचा मित्र नाही. घोटलेल्या बटाट्याची साखर रक्तात झपाट्याने चढते. मधुमेह असलेल्यांनी आधी खजूर, मग सरबत आणि वर मोठी वाटी सूप असे करू नये. त्यांच्यासाठी अर्धे बटाटे कमी करून फ्लॉवर घाला, सोबत उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे तुकडे द्या आणि वाटी लहान ठेवा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आणखी जपून, कारण बटाट्यात पोटॅशियम भरपूर असते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मैद्याऐवजी तांदळाचे पीठ चालते. दूध सोसत नसेल तर नारळाचे दाट दूध. कोकणातल्या घरांना ते अधिकच आवडेल, फक्त तेही शेवटीच घालायचे.

वीज, पाणी आणि इतर अडचणी

अमेरिकेतून आलेला कुकर थेट आपल्या सॉकेटला लावू नका. तिथे 120 व्होल्ट, इथे 230. खालच्या बाजूला लिहिलेले असते, ते वाचा. इंग्लंड आणि आखाती देशांतल्या बहुतेक कुकरांना फक्त पिन बदलावी लागते. अर्थिंग असलेला सॉकेट हवा, आणि भिंतीपासून वीतभर अंतर. साडेतीन लिटरचा कुकर साधारण 200 वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे आठ तासांत दीड युनिटभर. खर्च फार नाही.

खरा प्रश्न वीज जाण्याचा. आपण घरी असू आणि मध्येच वीज गेली तर भांड्यातले अन्न लगेच पातेल्यात काढून गॅसवर शिजवावे. आपण बाहेर असू, परत आल्यावर घड्याळ लुकलुकताना दिसले आणि वीज किती वेळ गेली होती ते समजत नसेल, तर ते अन्न टाकून द्यावे. विशेषतः यखनी किंवा मांस असेल तर. कोमट अन्नात जंतू वाढतात. वरून सूप चांगले दिसते आणि वासही येत नाही. अन्न टाकताना जीव तुटतो हे खरे आहे, पण आजारी पडलेल्या घराला रमजान जड जातो. लोडशेडिंगच्या भागात राहत असाल तर सकाळी लावून शाळेत निघून जायचा बेत करूच नका. सुट्टीच्या दिवशी दुपारी 'हाय'वर लावा. चिनी मातीचे भांडे फ्रिजमधून काढून तसेच तापायला ठेवू नये, तडकते. गोठलेले मांस थेट कुकरात घालू नये. आणि राजमा या कुकरात करायचा असेल तर भिजवून, पाणी फेकून, आधी दहा मिनिटे खळखळून उकळून घेतल्याशिवाय नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते, ते स्लो कुकरच्या मंद आचेने पुरते मरत नाही.

कुकर नसेल तर? मुद्दाम विकत घ्यावा असे आमचे मत नाही, एका सुपासाठी तर नाहीच. जाड बुडाचे पातेले, खाली तवा, घट्ट झाकण आणि बारीक गॅस. तासाभरात बटाटा फुटतो. प्रेशर कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत होते. चव थोडी उणी असते, बटाटा फुटतो पण यखनीशी तितका एकरूप होत नाही. दूध-मैद्याचे काम दोन्हीकडे तसेच, शिजल्यावर. स्लो कुकरने बाईचे काम कमी होते असे जाहिराती म्हणत आल्या आहेत. आमच्या अनुभवात काम तेवढेच राहते; सोलणे, चिरणे, परतणे, घासणे. फक्त ते मगरिबच्या तोंडावरून सकाळी सरकते. तेवढ्यासाठीसुद्धा ते आम्हाला मोलाचे वाटते, आणि सकाळचे बटाटे सोलायला घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना काही विद्या लागत नाही. आमच्याकडे ती पाळी आठवी-नववीतल्या मुलांची आहे.

उरलेले सूप दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत काढून, निववून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस राहते. गरम करताना स्लो कुकर नको, तो फार हळू तापतो; पातेल्यात दूध किंवा पाणी घालून, ढवळत, खळखळ उकळी येईपर्यंत तापवा. डीप फ्रीजरमध्ये ठेवू नये, बटाटा भुसभुशीत होतो आणि साय फुटते. सहरीला हेच सूप गार असतानाच छान घट्ट झालेले असते. त्यात एक अंडे, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि मावेल तेवढा रवा घालून तव्यावर जाडसर धिरडी टाका. चहाबरोबर मुले ती सूप विसरून खातात.